तीन जागी ठेवलेला फोटो

त्रिशूरजवळच्या इरिंजालकुडाच्या बाजारात खाली माझं सोनं गाळायचं दुकान आणि वर अच्युतेट्टनचा फोटो स्टुडिओ. माझं गाव विट्याकडचं, पण इथं येऊन इतकी वर्षं झाली की गावी गेलो तर मलाच पाहुण्यासारखा चहा मिळतो. इथले लोक मला सेट्टू म्हणतात. मी अच्युतनला एट्टन म्हणतो, म्हणजे दादा. भांडतानासुद्धा एट्टनच म्हणतो, कारण शिवी देऊन पुढं एट्टन लावलं की ती कुणाला लागत नाही.

इकडे माणूस गेलं की आधी डॉक्टर येतो आणि मग फ्लेक्स. नाक्यावर हसऱ्या नाहीतर गंभीर चेहऱ्याचा मोठा फ्लेक्स लागत नाही तोवर तो माणूस मेला असं कुणी मनावर घेत नाही. आता मेल्यावर चांगला फोटो कुठून आणायचा? घरच्यांची रडारड चाललेली असते, कपाटाची किल्ली सापडत नसते, आणि सापडतो तो रेशनकार्डावरचा. अच्युतेट्टननं ही अडचण ओळखली. लग्नाची कामं पोरांनी पळवली, पासपोर्टचे फोटो मोबाइलनं खाल्ले. उरलं काय, तर मरण. ते काही कुणी पळवत नाही. मग हा गडी सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक झकास फोटो काढून तयार ठेवायला लागला.

माणूस देवभोळा, मृदू, मुंगीलाही 'सरक बाई' म्हणणारा. पण नजर वाईट. चहाच्या टपरीवर बसल्याबसल्या हळूच म्हणायचा, "सेट्टू, त्या रामन नायरचा रंग उतरलाय बघ. एक फोटो काढून ठेवायला हवा." देवळात तो कुणाकडे जरा निरखून बघायला लागला, की तो माणूस दुसऱ्या दिवशी रक्त तपासून यायचा. लोक त्याला बघून वाट बदलायचे, आणि तब्येत बिघडली की गुपचूप इस्त्रीचा शर्ट घालून त्याचाच जिना चढायचे. तोंडानं कुणी कबूल करायचं नाही. "असंच आलो होतो रे अच्युता, म्हटलं बघू तरी तुझा कॅमेरा."

एका तुळा महिन्यात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आसपास, इकडे संध्याकाळी विजा कडाडतात तशी एक पडली आणि त्याचा जुना कॉम्प्युटर जागच्या जागी गेला. त्याच्या पोटात गावातले सगळे म्हातारे होते. आणि मरणाला काही लाजलज्जा असते का? त्याच आठवड्यात कुट्टप्पन सुतार गेला. फोटो गेलेला. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कुट्टप्पनला कापून काढला. चेहरा ठीक आला, पण त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला. मनगटापासून कापलेला, घड्याळासकट. नाक्यावर तेरा दिवस तो हात कुट्टप्पनला धरून उभा होता. टपरीवाला पौलोस म्हणाला, "हा यमाचा हात दिसतोय. घड्याळ बघून आलाय." सगळे हसले. अच्युतेट्टन मात्र तेरा दिवस नाक्यावरून गेला नाही, मागच्या गल्लीतून चिखल तुडवत घरी जायचा.

"आता लॅपटॉप घ्यायचा," तो मला म्हणाला. "आणि एकाच्या पोटात सगळं ठेवायचं नाही."

झालं! टपरीवर जणू निवडणूक लागली. इथल्या माणसाला चहाबरोबर वडा नसला तरी चालतो, पण मत लागतं. पौलोस म्हणाला, वजनदार घे, हलकी वस्तू टिकत नाही, माझी कढई बघ. बँकेतला एक क्लार्क म्हणाला, आकडे मोठे बघायचे, सगळ्यात मोठा आकडा तो सगळ्यात चांगला. एकजण म्हणाला, दुबईहून मागव. दुसरा म्हणाला, दुबईचा इथं बिघडला तर दुरुस्तीला दुबईला जाशील का? अच्युतेट्टन सगळ्यांचं ऐकायचा, मान डोलवायचा आणि काहीच घ्यायचा नाही. ओणम गेला, विषूचा सण गेला, पुढचा ओणम आला. मी वैतागलो. "एट्टन, अहो तेवढ्यात लोक मरायचे थांबलेत का?"

शेवटी त्याला हलवलं ते पारुकुट्टी अम्मानं. ही बाजाराच्या मागच्या गल्लीत एकटी राहायची. सरकारी दवाखान्यात सुईण होती. निम्मं गाव तिनं जगात ओढून आणलेलं, त्यामुळे म्हाताऱ्या बाप्यांनाही ती 'ए' म्हणायची. चेहरा असा कडक, की दूधवाला दुधात पाणी घालायच्या आधी दोनदा विचार करायचा. तिचा एकुलता एक मुलगा शशिधरन मस्कतला. पैसे वेळेवर यायचे, शुक्रवारी फोनही यायचा, पण तो स्वतः नऊ वर्षांत आला नव्हता. कधी रजा नाही, कधी मुलांच्या परीक्षा.

ती जिना चढून वर आली आणि म्हणाली, "अच्युता, मी मेल्यावर तर शशी येईल ना? तेवढी रजा कुठलाही अरब देतो. टॅक्सी नाक्यावरून वळली की त्याला पहिली मी दिसणार ती फ्लेक्सवर. घरात बर्फाच्या पेटीत निळं पडलेलं तोंड असेल, ते बघून काय करायचंय? नऊ वर्षांनी बघणार आहे पोरगा. चेहरा चांगला पाहिजे. तू यंत्र घेतोस का मी दुसरीकडे जाऊ?"

अच्युतेट्टन घाबरला. तिनं त्यालाही जगात आणलेलं होतं. "घेतो अम्मा. उद्याच जाऊ."

"मी पण येते. माझं तोंड त्यात कसं दिसतं ते मी बघणार."

तर आम्ही तिघं त्रिशूरला गेलो. ओणमची गर्दी, दुकानात गाणी, फुगे. टाय लावलेला पोरगा पुढं आला. "सर, कशासाठी हवाय? गेम? एडिटिंग?"

"मरणासाठी," अच्युतेट्टन सरळपणानं म्हणाला.

पोरगा गडबडला. मी म्हटलं, "रोजच्या वापराला. फोटो ठेवायचे, जरा साफसूफ करायचे." मग त्यानं एक लॅपटॉप आणला, ज्याच्या बटणांखाली लाल, हिरवे दिवे पळत होते. पारुअम्मानं विचारलं, "हा काय उत्सवाचा रथ आहे का?" तो लॅपटॉप परत आत गेला.

पण एक सांगतो, अच्युतेट्टननं दोन वर्षं नुसत्या माना डोलवल्या नव्हत्या. त्यानं किमतीच्या पाट्या वाचल्याच नाहीत. खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि पारुअम्माचा एक जुना फोटो प्रत्येक लॅपटॉपवर उघडत गेला. एकात ती पिवळी पडली. "कावीळ झालीय मला," ती म्हणाली. एकात निळी. "यात तर मी आधीच मेले." एकाचा पडदा आरशासारखा चकचकीत, त्यात तिच्या चेहऱ्यावर मागचे फुगे दिसायला लागले. चौथ्यात मात्र ती जशी होती तशी दिसली, सुरकुत्यांसकट. पडदा मळकट काचेसारखा, उजेड न परतवणारा. अच्युतेट्टननं मग विचारलं, आतली डिस्क फिरणारी आहे की न फिरणारी. फोटोचं काम करताना अडकायला नको एवढी मेमरी आहे का. वीज गेली तर किती वेळ चालेल. आणि बिघडला तर इरिंजालकुडात दुरुस्त करणारा कोण आहे. पोराला शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फोन करून विचारावं लागलं.

पारुअम्माचा एकच प्रश्न होता. "किती वर्षं टिकेल?"

"पाच-सहा वर्षं आरामात, अम्मा."

"मग पुरे. एवढी मलाही नकोत."

तो काळा, साधा, दिसायला अगदीच गरीब लॅपटॉप घेऊन आम्ही बसनं परत आलो. टपरीवर सगळे नाराज. पौलोसनं उचलून बघितला आणि म्हणाला, "हलका आहे." जणू काही तो तळायला घेणार होता.

मग सुरू झाला प्रतींचा सोहळा. अच्युतेट्टननं कुठंतरी वाचलं होतं की महत्त्वाची वस्तू तीन ठिकाणी असावी आणि त्यातली एक घराबाहेर असावी. एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक स्टुडिओच्या कपाटातल्या डिस्कवर, आणि तिसरी डिस्क माझ्या तिजोरीत. "इथं लोकांचं सोनं असतं एट्टन!" "म्हणून तर," तो म्हणाला. दर शनिवारी तो खाली यायचा, डिस्क वर न्यायचा, त्यात नवे फोटो भरायचा, दोन-चार उघडून बघायचा आणि परत आणून द्यायचा. माझी गिऱ्हाइकं विचारायची, आत काय आहे? मी म्हणायचो, गाव आहे.

इंटरनेटवर ठेवा म्हटलं तर तो ऐकायचा नाही, आणि फोनवरून तर कुणाला फोटो पाठवायचाच नाही. त्याचं कारण होतं. पूर्वी एकदा त्यानं एका शाळामास्तरांचा साफ केलेला फोटो त्यांच्या पुतण्याला पाठवला. पुतण्यानं कौतुकानं गटात टाकला. अच्युतननं काढलाय म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? संध्याकाळपर्यंत मास्तरांच्या दारात दोन पुष्पचक्रं आली. मास्तरांनीच दार उघडलं. त्या दिवसापासून नियम झाला: माणूस जिवंत आहे तोवर फोटो कुणाच्या हाती द्यायचा नाही.

पारुअम्माचा फोटो ओणमनंतर काढला. ती जरीच्या काठाचं पांढरं मुंडू नेसून, कपाळाला चंदन लावून आली. मी थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून उभा. पहिले सगळे फोटो असे आले, की जणू समोर कुणी इंजेक्शनला घाबरून पळालंय. मग मध्येच ती हसली. अच्युतेट्टननं तेवढ्यात बटण दाबलं. काय फोटो आला म्हणून सांगू! दात निम्मे नाहीत, डोळे मिटत आलेले, आणि सगळा चेहरा उजळलेला. तिनं लॅपटॉपवर बघितला, बराच वेळ बघितला. "हाच," म्हणाली. फ्लेक्सही तेव्हाच शेजारी बसून करून घेतला तिनं. कुणी स्वतःचा फ्लेक्स स्वतःच करून घेतलेला मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

मग नवरात्र आलं. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहिलं की काम संपलं. इथं तसं नाही. अष्टमीच्या संध्याकाळी पुस्तकं, अवजारं देवळात सरस्वतीपुढं ठेवायची, आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा उठेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही. पोरांची वर्षातली सगळ्यात आवडती भक्ती ही.

अच्युतेट्टन लॅपटॉप आणि कॅमेरा घेऊन देवळात निघाला तेव्हा पारुअम्मा माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. "आणि बाकीच्या दोन पेट्या?"

"त्या नुसत्या प्रती आहेत अम्मा."

"नुसत्या? माझं तोंड त्यात पण आहे ना? देवीला एक देतोस आणि दोन मागं लपवतोस? तिच्यावर भरवसा नाही तुझा?"

मी मध्ये पडलो. "अम्मा, अहो एक घराबाहेर ठेवायची म्हणूनच तर तिजोरीत ठेवलीय. तिन्ही एका जागी ठेवल्या तर उपयोग काय?"

"तू गप रे सेट्टू. सोनं गाळणारा तू, तुला विद्येतलं काय कळतं? सरस्वतीपेक्षा तुझी तिजोरी भक्कम का?"

देव मध्ये आणला की माझ्यासारख्यानं काय बोलायचं? मी चरफडत तिजोरी उघडली. अच्युतेट्टन तिन्ही वस्तू ताटात घेऊन गेला, वर तुळस. पुजाऱ्यानं त्या पहिल्या ओळीत ठेवल्या आणि वर गावातल्या पोरांची दप्तरं, पुस्तकं, वह्या छतापर्यंत रचली.

नवमीच्या सकाळी पारुकुट्टी अम्मा गेली. अंगण झाडून झालं, पायरीवर बसली, ती उठलीच नाही.

शशिधरनला मस्कतला फोन गेला. तो म्हणाला, पहिल्या विमानानं निघतो, सकाळपर्यंत पोचतो, तोवर थांबा. बर्फाची पेटी आली. आणि अच्युतेट्टन देवळाकडे पळाला. त्याच्या वयाचा माणूस असा पळताना बघून लोकांना वाटलं, तोच जातोय.

मीही मागोमाग गेलो. पुजारी तरुण होता, समजूतदार होता. म्हणाला, "देवी काही रागावणार नाही. काढा हवं तर." पण काढायचा कसा? लॅपटॉप सगळ्यात खाली, वर अख्ख्या गावाची विद्या. आणि दहावीतल्या पोरांच्या आया तिथंच जपाला बसलेल्या. "एक पुस्तक हललं तरी पूजा मोडली!" एक म्हणाली. "आमच्या पोराचं गणित त्यात आहे!" मी म्हटलं, "अहो बाई, मेलीय ती. तुम्हालाही तिनंच तर काढलं बाहेर." "म्हणूनच सांगते," ती म्हणाली, "पारुअम्मा असती तर तिनं काढू दिलं असतं का?"

आता बोला! खरंच नसतं काढू दिलं. अच्युतेट्टन देवीपुढं हात जोडून उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडला. "सगळं नीट केलं होतं रे सेट्टू," तो म्हणाला. "तीन ठिकाणी ठेवलं होतं."

"तीन ठिकाणी कुठं, एकाच ठिकाणी तीन ठेवलंत," असं माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. मलाही वाईट वाटत होतं. त्या बाईची एकच इच्छा होती, आणि तिनंच ती स्वतःच्या हातानं पुस्तकांखाली गाडून ठेवली होती.

दुपारी गावातल्या क्लबच्या पोरांनी दुसरीकडून फ्लेक्स छापून आणला. मतदार ओळखपत्रावरचा फोटो. भुवया आवळलेल्या, ओठ मिटलेले, नजर अशी की टॅक्सीनं तिथूनच मागं वळावं.

दसऱ्याला पूजा उठली. देवळात लहान पोरांची बोटं धरून तांदळात पहिलं अक्षर काढणं चाललेलं. अच्युतेट्टननं तिन्ही वस्तू उचलल्या आणि आम्ही थेट स्टुडिओत आलो. लॅपटॉप उघडला. गंध पडद्याला लागलं होतं, ते त्यानं धोतराच्या टोकानं पुसलं. फोटो होता. दोन्ही डिस्कांवरही होता. देवीनं तिन्ही नीट सांभाळल्या होत्या, त्याबद्दल तिला बोल लावता येत नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शशिधरन. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, प्रवासातल्याच कपड्यात, डोळ्यावर जाड चष्मा. दारातच उभा राहून म्हणाला, "नाक्यावरचा फ्लेक्स बदलणार आहात म्हणे. राहू दे तो, एट्टन. चांगला आहे. अम्मा अगदी तशीच होती."

अच्युतेट्टननं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

शशिधरन वाकून बघायला लागला. मग म्हणाला, "ही कोण?"

तो थट्टा करत नव्हता. त्यानं आणखी जवळ जाऊन बघितलं, कपाळावरचा तीळ बघितला, आणि त्याचा चेहराच उतरला.

"हसायची अम्मा?"

"हल्ली हसायची," अच्युतेट्टन म्हणाला.

"इथं कशाला हसतेय?"

"असंच. मीच काहीतरी विनोद केला."

आता अच्युतेट्टनला उभ्या जन्मात कधी विनोद जमला नाही. आणि मला ते सहन होईना. नऊ वर्षं ज्याला सवड झाली नाही त्याला कशाला गोड खोटं सांगायचं? मी म्हटलं, "एट्टन, खरं सांगा की. मी थर्माकोल धरून इथंच उभा होतो. ती मला म्हणाली, 'सेट्टू, जगात सगळ्यांचा मुलगा आईला भेटायला येतो. माझा तेवढा मला बघायला नाक्यावर येणार आहे.' आणि हसली. तेव्हाचा आहे हा."

अच्युतेट्टननं माझ्याकडे असं बघितलं की मला माझाच राग आला. शशिधरन भिंतीला टेकला. मग म्हणाला, "हाच फोटो लावा. पण खाली माझं नाव घालू नका. लोकांनी वाचावं असं काही राहिलेलं नाही माझं."

"नाव तर आहे," अच्युतेट्टन हळूच म्हणाला, आणि त्यानं फ्लेक्सची फाईल उघडली.

तारखेची तेवढी जागा मोकळी होती. हसऱ्या चेहऱ्याखाली 'पारुकुट्टी अम्मा' बारीक अक्षरात, आणि त्याखाली 'मुलगा: शशिधरन, मस्कत' त्याच्या चौपट मोठ्या अक्षरात, पार या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"मी म्हटलं, अम्मा, हे बरं दिसत नाही, लोकांना वाटेल शशीच गेला," अच्युतेट्टन म्हणाला. "ऐकेना. आणखी मोठं कर, आणखी मोठं कर. म्हणाली, फोनवर सांगत होता, त्याला चष्मा लागलाय. टॅक्सीतून वाचता आलं पाहिजे."

शशिधरननं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिला. अच्युतेट्टननं त्याची वाट न बघता तारीख टाइप केली आणि फाईल छपाईला पाठवली.